मित्र साहेब झाला की बिघडतं कोण: तो की आपण?

सरळमार्गी
प्रश्न साधा आहे. आमच्या ऑफिसातल्या चौघांच्या टोळक्यातला एक जण आता आमचाच वरिष्ठ झालाय. हुशार आहे, पद हक्काचं होतं, कोणाच्या पोटात दुखलं नाही (निदान दिसेल इतकं नाही). तो पूर्वीसारखाच बोलतो, आम्हीही बोलतो. फक्त त्याचे विनोद आम्हाला हल्ली लवकर कळायला लागलेत. वाक्य पुरं व्हायच्या आत हशा. आणि हा गडी विनोदाच्या बाबतीत पहिल्यापासून बेताचा. पूर्वी त्याने विनोद केला की आमच्यातला एक जण शांतपणे 'झाला का?' असं विचारायचा. आता तोच सगळ्यात आधी हसतो.

माझं म्हणणं असं की सत्ता माणसाला बिघडवते हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं काम मित्र करतात. आधी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मग खालून ओरडायचं, 'बघा, कसा वर जाऊन बसलाय!' तुम्हाला काय वाटतं?

भोचक
पोटदुखी कंसात टाकलीत तिथेच निदान झालं. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आगाऊ_काकू
असतील शिते तर जमतील भुते, यात नवीन काय? पण भुतांनी स्वतःच धागा काढलेला पहिल्यांदा बघतेय. हलकेच घ्या.

तिरपागडे
सत्तेची परीक्षा घ्यायला कोणाला राज्य द्यावं लागत नाही. शाळेच्या ग्रुपचं अॅडमिनपद द्या.

आमच्या वर्गातला सगळ्यात गरीब मुलगा. गरीब म्हणजे स्वभावाने. वर्गात बाकावर कोणी सरकवलं तर सरकणारा, रांगेत कोणी पुढे घुसलं तर त्यालाच 'सॉरी' म्हणणारा. मूळ अॅडमिनला कंटाळा आला म्हणून त्याने ग्रुप याच्या हातात दिला. पहिल्या आठवड्यात ठळक अक्षरात 'सूचना' आली. मग सूचनांना क्रमांक आले. मग 'सूचना क्र. ४ चे उल्लंघन होत असल्याचे निदर्शनास आले आहे' असं आलं. ज्याने वर्गात कधी हात वर केला नव्हता त्याला 'निदर्शनास आले आहे' हे कुठून सुचलं, देव जाणे. शेवटी त्याने ती कळ फिरवली: यापुढे फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील.

थोड्याच दिवसांत त्याचा वाढदिवस आला. कोणालाच शुभेच्छा देता येईनात. दुपारपर्यंत ग्रुपवर स्मशानशांतता. संध्याकाळी सूचना आली: 'सदस्यांच्या सोयीसाठी ग्रुप ८ ते ९ खुला राहील.'

रिकामटेकडा
@तिरपागडे, हसून हसून पुरेवाट. पण एक सांगा, ८ ते ९ मध्ये शुभेच्छा दिल्यात की नाही?

तिरपागडे
सगळ्यांनी दिल्या. काहींनी तर 'ग्रुपला शिस्त लावल्याबद्दल' आभारही मानले. मी केक, फुगे आणि टाळ्या असे तीनच इमोजी टाकून बंडखोरी केली.

जुना_खोड
सरळमार्गी, तुमचा सिद्धांत आरोपीला फारच सोयीचा आहे. उद्या चोर म्हणेल, दार उघडं ठेवणाऱ्याचा अर्धा गुन्हा.

लॉर्ड अॅक्टन यांचं 'सत्ता भ्रष्ट करते' हे वाक्य जो तो फेकतो, पण ते कुठे आलंय ते बघा. १८८७ मध्ये क्रेटन नावाच्या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात. वाद असा होता की जुन्या पोपांना आणि राजांना इतिहासकाराने जरा सांभाळून घ्यावं का. अॅक्टन म्हणतात, उलट. जितकी सत्ता जास्त तितका निकष कडक हवा. त्याच पत्रात पुढे असंही आहे की थोर माणसं बहुधा वाईटच असतात. हे वाक्य कोणी भिंतीवर लावत नाही, कारण भिंत बहुधा थोर माणसाच्या केबिनची असते.

तेव्हा साहेबाच्या वागण्याचा हिशोब साहेबाकडेच मागा.

सरळमार्गी
@जुना_खोड, हिशोब मागायला आत कोण जाणार? माझा मुद्दा नेमका तोच आहे. पूर्वी चौघंही जायचो.

वाचनवेडी
सरळमार्गी यांच्या बाजूने अलेक्झांडर आणि क्लायटस यांची साक्ष काढते. जरा लांबण लागेल.

क्लायटस हा त्याच्या वडिलांच्या वेळचा सरदार. याची बहीण अलेक्झांडरची दाई होती, म्हणजे घरोबा किती ते बघा. इ. स. पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकसच्या लढाईत अलेक्झांडरच्या डोक्यावर वार पडणार होता, तो क्लायटसने वार करणाऱ्याचा हातच तोडून वाचवला. सहा वर्षांनी समरकंदला मद्याची बैठक बसली. तोवर अलेक्झांडर अर्ध्या जगाचा मालक झालेला. भोवती स्तुतिपाठक. तुझ्यापुढे देवसुद्धा काय, तुझे वडील तर काहीच नाहीत, असं चाललेलं. क्लायटसला राहवलं नाही. तो म्हणाला, तुझा पराक्रम आम्हा मॅसिडोनियन लोकांच्या रक्तावर उभा आहे, आणि हा हात नसता तर तू इथे नसतास.

पुढचं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क इतकं बारकाईने सांगतो की अंगावर काटा येतो. अलेक्झांडर तलवार शोधतो, तर एका अंगरक्षकाने ती आधीच लपवलेली. तो कर्णेवाल्याला धोक्याचा इशारा वाजवायला सांगतो, तर कर्णेवाला वाजवतच नाही. त्यासाठी राजाचा ठोसा खातो, तरी वाजवत नाही. मित्र क्लायटसला ओढत बाहेर नेतात. क्लायटस दुसऱ्या दाराने परत आत येतो, आणि तेही नाटकातली एक बोचरी ओळ म्हणत. अलेक्झांडर पहारेकऱ्याच्या हातातला भाला हिसकावतो. संपलं.

शुद्धीवर आल्यावर राजा स्वतःलाच भोसकून घ्यायला निघाला होता, त्याला धरावं लागलं. दिवसचे दिवस तंबूत रडत पडला. तेव्हा अॅनॅक्सार्कस नावाचा एक तत्त्वज्ञ आत गेला आणि काय म्हणाला? झ्यूसच्या शेजारी न्यायदेवता बसते ती कशासाठी? राजा जे करतो ते न्याय्यच असतं म्हणून. राजाला बरं वाटलं.

आता सांगा, अलेक्झांडरला जास्त कोणी बिघडवलं? भाल्याने की तत्त्वज्ञाने?

भोचक
म्हणजे सल्लागार हा धंदा इतका जुना आहे तर.

आगाऊ_काकू
मला तो कर्णेवाला आवडला. बोलायचं नाही, भांडायचं नाही, फक्त वाजवायचं नाही. पुढे काय झालं त्याचं?

वाचनवेडी
काकू, त्याचा पुढे मान वाढला. त्याच्यामुळेच सगळी छावणी उठून गोंधळ माजला नाही, असं लोक म्हणू लागले.

शंकासुर
कर्णेवाल्याचा विषय निघालाच आहे तर मिलग्रॅम यांचा प्रयोग आठवला. येल विद्यापीठ, १९६१ पासूनचा. समोरच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला दाब वाढवायचा. झटके खोटे होते, देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कोट घातलेला एक संशोधक मागून शांतपणे 'चालू ठेवा' म्हणणार. ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. इथवर सगळ्यांना पाठ असतं.

त्यानंतरच्या एका फेरीबद्दल कोणी बोलत नाही. तिथे झटके देणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघं बसवले, ते आधीच सामील. ठरल्याप्रमाणे एक जण १५० व्होल्टला उठला, म्हणाला मी नाही करणार. दुसरा २१० ला उठला. कोटवाला तोच, यंत्र तेच, किंकाळ्या त्याच. या वेळी शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त चार.

त्या दोघांनी भाषण ठोकलं नाही की कोणाला नीती शिकवली नाही. नुसते खुर्चीवरून उठले. या प्रयोगांवर टीकाही भरपूर झाली आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण शेजारचा उठला की आपल्यालाही उठता येतं, हे पटायला मला प्रयोगशाळा लागत नाही. कोणतीही मीटिंग पुरते.

म्हणून सरळमार्गी यांना निम्मी मान्यता. निम्मी अशासाठी की चौघांतले तिघं हसत असतील तर चौथ्याने काय करायचं, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

मी_आहे_ना
सगळी चर्चा खुर्चीच्या बाहेरून चाललेय. मी आतून सांगते, कारण आमच्या टोळक्यातली ती वर गेलेली मीच.

पहिला बदल कानांना कळतो. तुम्ही जवळ येता आणि बोलणं थांबत नाही, पण विषय बदलतो. आणि तो इतक्या सफाईने बदलतो की तुम्हीही त्या नव्या विषयात शहाण्यासारखं सामील होता. दुसरं म्हणजे जुना ग्रुप हळूहळू थंड पडतो. सणावाराच्या शुभेच्छा तेवढ्या येतात. मग एके दिवशी कोणाच्या तरी फोनवर चुकून दिसतं की त्याच लोकांचा एक नवा ग्रुप आहे आणि तो चांगलाच गरम आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नावात मी होते.

वाईट वाटलं का? वाटलं. पण राग आला नाही, कारण त्यांना माझ्याबद्दल कुरकुर करायला एक जागा हवीच होती. आधीच्या साहेबाबद्दल आम्ही हेच करायचो आणि त्यात मी आघाडीवर.

खरं अवघड प्रकरण वेगळंच निघालं. वर्षाच्या शेवटी जवळच्या मैत्रिणीच्या कामाचं मूल्यमापन मला लिहायचं होतं. चांगलं लिहिलं तर बाकीचे म्हणणार मैत्री निभावली. खरं लिहिलं तर ती म्हणणार खुर्ची दाखवली. मी खरं लिहिलं. ती पुढे बरेच दिवस माझ्याशी अत्यंत अदबीने वागली. 'हो मॅडम, बघते मॅडम.' शिवी परवडली असती.

म्हणून सांगते, थोडं अंतर पडणं हा कोणाचाच गुन्हा नसतो. ज्याच्या सहीवर तुमची बढती अडते त्याच्याशी तुम्ही पूर्वीसारखं मोकळं असाल, तर एक तर तुम्ही संत आहात किंवा तुम्हाला बढती नको आहे.

भोचक
ताई, ग्रुपचं नाव सांगाच. धाग्याच्या हितासाठी.

मी_आहे_ना
@भोचक, ग्रुप ८ ते ९ खुला राहील.

रिकामटेकडा
_/\_ आजचा विजेता प्रतिसाद.

चकोर
मी_आहे_ना यांचं वाचून द्रोण-द्रुपद आठवले. एकाच आश्रमात शिकलेले जिवलग. लहानपणी द्रुपद म्हणाला होता, माझं राज्य ते तुझंच. मोठेपणी द्रोण हलाखीत दारात आला, 'मित्रा' म्हणून हाक मारली, तर द्रुपद म्हणतो, मैत्री बरोबरीच्यांत होते, राजाचा मित्र राजाच असतो. खुर्चीने माणूस कसा बदलतो याचं याहून ठसठशीत उदाहरण नसेल.

जुना_खोड
चकोरसाहेब, गोष्ट तिथेच थांबवू नका. अपमान झालेल्या द्रोणाने पुढे काय केलं? शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवलं, त्याचं अर्धं राज्य स्वतःकडे ठेवलं आणि म्हणाला, घे, आता आपण दोघंही राजे, आता मैत्रीला हरकत नाही. म्हणजे द्रुपदाचा नियम द्रोणाने खोडला नाहीच. तो अक्षरशः पाळून दाखवला. ज्याच्या नियमाने दुखावलो त्याच्याच नियमाने जिंकायचं, ही माणसाची जुनी खोड.

आगाऊ_काकू
'जुनी खोड' म्हणून स्वतःची जाहिरात करू नका हो. पण मुद्दा बरोबर. आणि त्यापुढचं तर आणखी विचित्र. द्रुपदाने द्रोणाला मारणारा मुलगा हवा म्हणून यज्ञ केला, धृष्टद्युम्न जन्मला, आणि त्याला अस्त्रविद्या शिकवली कोणी? द्रोणानेच. हा मुलगा कशासाठी जन्मलाय हे माहीत असूनही. आता याला शहाणपण म्हणायचं, मोठेपण म्हणायचं की मास्तरकी अंगात मुरली होती म्हणायचं?

शंकासुर
काकू, द्रुपदाबद्दल मात्र मला थोडी सहानुभूती आहे. त्याचं बोलणं उर्मट होतं, पण निरीक्षण खोटं नव्हतं. आश्रमात दोघांकडेही काही नसताना 'राज्य तुझंच' म्हणायला काय लागतं? नसलेल्या गोष्टी आपण मित्रांना फार उदारपणे देतो.

चकोर
@शंकासुर, हे पटलं. मी पण हॉस्टेलवर एकाला माझ्या भावी कंपनीत भागीदारी दिली आहे. कंपनी अजून निघाली नाही म्हणून मैत्री शाबूत.

वाचनवेडी
अवांतर: पंचतंत्रात पहिलं तंत्र मित्रभेद आहे आणि मित्र मिळवण्याचं त्यानंतर. आधी मैत्री मोडते कशी ते शिका, मग जोडायला लागा. हितोपदेशात हा क्रम उलटा केला, आधी मित्रलाभ, मग सुहृद्भेद. मला पंचतंत्राचा क्रम जास्त व्यवहारी वाटतो. आणि मित्रभेदात सिंह-बैलाची मैत्री मोडतं कोण? दरबारातलं स्थान गेलेला कोल्हा. दमनक सिंहाला सांगतो बैल तुझ्यावर उठलाय, बैलाला सांगतो सिंह तुला खाणार आहे. दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात आणि ज्याला त्याला वाटतं, दमनक म्हणाला ते खरंच की!

तिरपागडे
प्रत्येक ऑफिसात एक दमनक असतो. आमच्याकडे त्याचं पद 'समन्वयक' असं आहे.

उंटावरचा_शहाणा
इतका वेळ सत्ता आणि मैत्री चाललंय, शहाणपणाबद्दल कोणी बोलेना म्हणून आलो. डनिंग आणि क्रुगर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ज्याला एखादी गोष्ट जमत नाही त्याला ती आपल्याला जमत नाही हेही कळत नाही. साहेबांचं तेच होतं.

भोचक
हे संशोधन सांगणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याबद्दल सांगत असतो, हे आपलं माझं संशोधन.

जुना_खोड
समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांचा समास सुरुवातीलाच दिला. पण तेवढ्याने भागलं नाही म्हणून शेवटी पढतमूर्खाला वेगळा समास द्यावा लागला. वाचताना पहिल्या समासात ओळखीचे लोक दिसतात. दुसऱ्यात जरा घाम फुटतो.

रिकामटेकडा
स्तुतिपाठकांवरून इंग्लंडचा राजा कनूट आठवला. लोक सांगतात की तो इतका गर्विष्ठ होता की समुद्राला हुकूम सोडला. मूळ कथा उलट आहे. बाराव्या शतकातल्या एका इतिहासकाराने लिहिलंय की भरतीच्या वेळी त्याने खुर्ची किनाऱ्यावर मांडायला लावली, लाटांना थांबायला सांगितलं, पाय भिजले, आणि मग म्हणाला, राजाची ताकद किती पोकळ आहे ते सगळ्यांनी बघा. त्यानंतर मुकुट म्हणे डोक्यावर घातलाच नाही.

बिचाऱ्याने नम्रता दाखवायला पाय भिजवले आणि नाव झालं गर्वासाठी.

मी_आहे_ना
@रिकामटेकडा, दरबाऱ्यांनी काय केलं असेल सांगू? 'महाराज, काय सुंदर नम्रता!'

आगाऊ_काकू
ताई, तुमच्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? मॅडम-मॅडम अजून चालू आहे?

मी_आहे_ना
काकू, मी विभाग बदलला. आता ती माझ्या हाताखाली नाही. मग एके दिवशी फोन आला आणि 'हॅलो'च्या आधी 'तू त्या मूल्यमापनात माझ्याबद्दल पुढाकार कमी असं लिहिलं होतंस ना?' अशी सुरुवात झाली. पाऊण तास भांडलो. फार बरं वाटलं.

सरळमार्गी
शंकासुर यांनी चौथ्याने काय करायचं ते विचारलं होतं. काल मीटिंगमध्ये साहेबांनी विनोद केला. मी हसलो नाही. मुद्दाम गंभीरही झालो नाही, नुसता बसून राहिलो. बाकीचे दोघं हसले, मग माझ्याकडे बघून मध्येच थांबले. अर्धवट थांबलेलं हसू किती केविलवाणं दिसतं ते पहिल्यांदा कळलं. नंतर त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, गेलो. त्याने दार लावलं आणि विचारलं, "इतका वाईट होता?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "मग ते दोघं का हसले?" याचं उत्तर मी दिलं नाही. त्यानेच खालच्या मानेने दिलं, "मीही वरच्या मीटिंगमध्ये हसतो."

जुना_खोड
तुमच्या साहेबाबद्दल माझं मत जरा सुधारलं. तुमच्या सिद्धांताबद्दल नाही.

शंकासुर
एक जण उठला. दुसरा कधी उठतोय ते कळवा.

वाचनवेडी
मी_आहे_ना, तुमच्या फोनवरून अॅडम्स आणि जेफरसन आठवले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या वेळचे घट्ट मित्र. १८०० च्या निवडणुकीत समोरासमोर आले, जेफरसन अध्यक्ष झाला, मावळता अध्यक्ष अॅडम्स शपथविधीलाही न थांबता पहाटे निघून गेला. पुढे वर्षानुवर्षं अबोला. दोघांच्याही हातातून सत्ता गेल्यावर बेंजामिन रश नावाच्या डॉक्टर मित्राने अॅडम्सला लिहिलं की मला स्वप्न पडलं, त्यात तुम्ही दोघं पुन्हा पत्रं लिहू लागलात. १ जानेवारी १८१२ ला अॅडम्सने पहिलं पत्र टाकलं. मग थांबले नाहीत. दोघंही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६.

आगाऊ_काकू
स्वप्नाची युक्ती झकास. 'तुम्ही बोला' म्हटलं की माणूस अडून बसतो, 'मला स्वप्न पडलं' म्हटल्यावर काय बोलणार! त्या डॉक्टरला त्यांची पत्रं बघायला मिळाली का?

वाचनवेडी
थोडी मिळाली. १८१३ मध्ये रश वारला. त्यानंतर पत्रं आणखी तेरा वर्षं चालली.

भोचक
मध्यस्थ योग्य वेळी बाजूला झाला म्हणायचं. आमच्या समन्वयकाला कोणी ही गोष्ट सांगेल का?

तिरपागडे
@भोचक, समन्वयक माझ्या ऑफिसात आहे. तुमच्याकडे कधी आला?

भोचक
सगळीकडे एकच असतो हो, फक्त ओळखपत्रं वेगळी.